७-८ वर्षांच्या मुलांना फुटबॉलमध्ये पास द्यायला-घ्यायला कसं शिकवायचं?

तुम्ही लिहिलंय की १२ मुलं आहेत, बॉल दिसला की गुळाला मुंगळे लागावेत तशी सगळी त्यावर तुटून पडतात, पास कोणीच देत नाही, तर चांगली ड्रिल्स सांगा. सांगते, पण आधी थोडं बोलून घेते कारण नेमका ह्याच विषयावरून माझं एकदा जोरदार वाजलंय.

"पास दे, पास दे" म्हणून सगळे ओरडतात ते ज्याच्याकडे बॉल आहे त्याच्यावर. घेणाऱ्याला कोणी काही शिकवतच नाही. तो चार पावलांवर डिफेंडरच्या मागे लपून उभा, तोंड भलतीकडे, मग त्या बिचाऱ्याने पास द्यायचा कोणाला? माझं स्पष्ट मत आहे की आधी पास घ्यायला शिकवा, द्यायचं अर्धं काम आपोआप होतं.

तर मी एका ८ वर्षांखालच्या ग्रुपला असिस्टंट होते. मुख्य कोच एक सर, स्वतः भरपूर खेळलेले, अनुभव माझ्या दुप्पट. त्यांची पद्धत म्हणजे समोरासमोर दोन रांगा, एकाने पास द्यायचा, दुसऱ्याने तळव्याखाली बॉल दाबायचा, परत द्यायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. एकदा मी मुद्दाम एका मुलीवर लक्ष ठेवून मोजलं. दहा मिनिटांत तिच्याकडे बॉल ९ वेळा आला. बाकीचा वेळ ती लेस सोडत-बांधत बसली होती.

ही मुलगी बॉल जोरात आला की तळवा एवढा वर उचलायची की बॉल खालून सुळकन निघून जायचा. सर म्हणायचे "लक्ष नाही तुझं". अहो लक्ष होतं, तुम्हीच दाबायला सांगितलंत म्हणून पाय वर जात होता! मी तिला बाजूला घेऊन पायाच्या आतल्या बाजूने घ्यायला लावलं, बॉल लागतो त्या क्षणी पाय जरासा मागे, पाण्याने भरलेला फुगा झेलताना आपण हात मागे नेतो तसा. ते जमल्यावर सांगितलं की बॉल येतोय त्या बाजूचा नाही, पलीकडचा पाय वापर आणि अंग तिरकं उघडं ठेव, म्हणजे पहिल्या टचलाच पुढचं ग्राउंड दिसतं. शिवाय मी तिच्या मागे उभी राहून बोटं दाखवायचे, बॉल पोचायच्या आत वळून बघून आकडा ओरडायचा. एकदा ओरडली, "ताई, अडीच!" माझं एक बोट वाकलेलं होतं.

पुढच्याच मॅचमध्ये तिने मागे बघितलं, बॉल अंगासमोरून जाऊ दिला, लांबच्या पायावर घेतला आणि अंगावर धावून आलेली पोरगी भलतीकडेच गेली. मी तर उडीच मारली. पण पुढे दोन टचनंतर बॉल गेला आणि आमच्यावर गोल झाला. सर साइडलाइनवरून ओरडले, "आधी थांबव म्हटलं होतं ना!" आणि तिला बाहेर बसवलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं की अख्ख्या मॅचमधला सगळ्यात चांगला टच तोच होता. मुलांसमोर बोलायला नको होतं, मान्य. पुढच्या आठवड्यात मला कळवण्यात आलं की आता असिस्टंटची गरज नाही.

असो. ड्रिल्स. रांगा बंद करा. बॉल ३ नंबरचा घ्या, ५ नंबरचा ४१०-४५० ग्रॅमचा मोठ्यांचा बॉल त्यांच्या पायाला कशाला? कोनच्या जोड्या लावून सात-आठ गेट करा, दोघांनी मिळून एका मिनिटात जास्तीत जास्त गेटमधून पास काढायचे, त्याच गेटमधून लगेच परत चालणार नाही, म्हणजे घेणाऱ्याला आधीच पुढचं गेट शोधावं लागतं. मग छोट्या चौकोनात बाजूने चार जण आपसात पास फिरवणार, मधे एक जण बॉल हिसकावायला बघणार. हाच रोंडो बार्सिलोनाची मोठी माणसंही प्रॅक्टिसला खेळतात. शेवटी ४ विरुद्ध ४, छोटे गोल, आणि तेव्हा आपण तोंड बंद ठेवायचं. पास देताना टेकलेला पाय बॉलच्या शेजारी, घोटा घट्ट, हे तुम्हाला माहीत असेलच. "तीन पास झाल्याशिवाय गोल नाही" असले नियम लावू नका, जे मूल ड्रिबल करून, म्हणजे बॉल पायाशी खेळवत, जाऊ शकतं त्याला जाऊ दे.

एक राहिलं, तळव्याने बॉल घेणं सरसकट चूक नाही. फुटसालमध्ये, म्हणजे छोट्या कोर्टवरच्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलमध्ये, जागा कमी, बॉल कमी उसळणारा, तिथे तेच बरोबर, आणि सर फुटसाल खेळलेले होते हे मला नंतर समजलं. बोटांच्या खेळाचाही अतिरेक नको, माझी दोन मुलं मागे बघण्यात एवढी रंगायची की बॉल पायांमधून जायचा. आणि ७ वर्षांची मुलं घोळका करणारच, त्यावर माझ्याकडे तरी उपाय नाही.

उद्या एक मूल निवडा, दहा मिनिटांत त्याच्याकडे किती वेळा बॉल येतो ते मोजा आणि आकडा खाली कमेंटमध्ये लिहा. ९ च्या वर असेल तर आमच्या सरांच्या पुढे आहात.