१२ वर्षं जुनी गाडी स्वस्तात मिळतेय, घ्यावी का?

घ्या, पण इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः सुरू करून बघितल्याशिवाय आणि किमतीशिवाय दुरुस्तीसाठी वेगळे पैसे हाताशी असल्याशिवाय नको. गॅरेजमध्ये रोज अशाच गाड्या उघडतो, त्यावरून सांगतो: गाडीचं वय फारसं आड येत नाही, आड येते ती न झालेली देखभाल. विकणारा आधीच गाडी गरम करून ठेवत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा, कारण खरे आवाज आणि धूर थंड इंजिनातच कळतात. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) इंजिनाच्या आत शिरतंय; अशी गाडी फुकट मिळाली तरी महाग पडते. मग एवढं बघा:

- टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा) कधी बदलला, त्याचं बिल. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह (झडपा) वाकतात.
- खालून चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) गंज. दारावरचा गंज चालेल, चॅसीचा नाही.
- टायरवरचे चार आकडे: २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलाय.

रोज हायवेवर लांबचा प्रवास असेल किंवा गाडीत लहान मुलं बसणार असतील, तर मात्र एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी मी घ्या म्हणणार नाही.