पिल्लं तीन, तोंड एक : अद्भुतकथा लिहिणाऱ्यांच्या शंका

कुमारवयीन वाचकांसाठी अद्भुत साहसकथा लिहिणाऱ्यांच्या शंकांचं हे पान. या खेपेला करवीर, शिरोळ, राधानगरी भागांतून आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयाचे आहेत : रानमांजरांची कुळं, त्यांचं सुटलेलं रान आणि नव्या रानाकडची वाट. म्हणून सगळं पान त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : माझ्या कथेत साठ रानमांजरं एका रात्रीत पंचगंगेचा काठ सोडतात आणि आठ दिवसांत दाजीपूरच्या जंगलात पोहोचतात. हे पटेल का? (एक वाचक, प्रयाग चिखली)

उत्तर : साठ मांजरांचं कूळ पटेल. खरं रानमांजर एकटं हिंडतं, आईजवळ असतात ती फक्त पिल्लं. पण कूळ हीच तुमच्या अद्भुताची पहिली अट आहे, आणि ती ठामपणे मांडली की वाचक ती मान्य करूनच पुढं जातो. आठ दिवस मात्र त्याच्या गळी उतरणार नाहीत.

कोल्हापूर ते दाजीपूर रस्त्यानं सुमारे ८० किलोमीटर. मोठं रानमांजर रात्रीत ३ ते ६ किलोमीटर हिंडतं, तेही शिकार करत करत. रोजचे ४ धरले तरी धडधाकट बोक्याला वीस रात्री लागतात. आता लेकुरवाळी मांजरी घ्या. तिला तोंड एकच. पिल्लं तीन असतील तर एक मानगुटीला धरून न्यायचं, परत यायचं, दुसरं न्यायचं, परत यायचं, तिसरं न्यायचं. पाच फेऱ्या झाल्या. ४०० मीटरवरची जाळी गाठायला ती २ किलोमीटर चालते, आणि त्या वेळात शिकारही नाही, पाजणंही नाही. रात्रीला अशी एकच जाळी गाठली तर दाजीपूर २०० रात्रींवर जातं, तोवर पिल्लं जवळजवळ आईएवढी झालेली असतात.

यातून वाट दोन प्रकारे निघते. पिल्लं दोनेक महिन्यांची होऊन आईमागं चालायला लागेपर्यंत कूळ थांबवा, नाहीतर कूळ तोडा : बोके आणि सड्या मांजरी पुढं, लेकुरवाळ्या मागं. दुसरी वाट आम्हाला जास्त मोलाची वाटते, कारण थांबायचं कुणी आणि कुणासाठी, हा प्रश्न तिथं आपोआप उभा राहतो.

पोटाचा हिशेब वेगळाच. एका रानमांजराला दिवसाला ३ ते ५ उंदीर लागतात. साठ मांजरांना १८० ते ३००. एवढे उंदीर कुठल्याच ओढ्याकाठी एका रात्रीत मिळत नाहीत, म्हणून साठजणं एका रांगेत चालली तर मागची चाळीस उपाशी राहतील. कूळ आडवं पसरवा. राधानगरीकडून येणाऱ्या भोगावती नदीच्या दोन्ही काठांनी, एका ओढ्याला दोन-तीन मांजरं. मग ती एकमेकांना गाठणार कशी? वासानं. ओढा नदीला मिळतो तिथल्या दगडावर गाल घासून, मुतून, झाडाच्या सालीवर नखं ओढून ठेवलेली खूण हेच त्यांचं पत्र. फक्त हे पत्र पावसात टिकत नाही. मृगाचा पाऊस पडला की वासाच्या साऱ्या खुणा आणि साऱ्या हद्दी एका रात्रीत धुऊन जातात. कुळांची भांडणं तुम्हाला हवीच असतील तर ती त्या आठवड्यात घ्या.

प्रश्न : रान सोडायला लावणारं संकट म्हणून मी मांत्रिकाचा शाप घेतला आहे. मुलांना ते जुनाट वाटेल का? (एक शिक्षिका, कागल)

उत्तर : शाप जुनाट नाही, पण तुमच्या बांधावर त्याहून मोठं संकट उभं असताना तो लागतोच कशाला?

आडसाली उसाचा विचार करा. जुलै-ऑगस्टमध्ये लागण, तोड सोळा ते अठरा महिन्यांनी. त्या फडात जन्मलेली मांजरी वर्षभरात वयात येते आणि तिथंच तिची पहिली पिल्लं होतात. तिच्या लेखी ते आजोळ आहे. सरी म्हणजे गल्ली, पाचट म्हणजे अंथरूण, पाटाचं पाणी म्हणजे नदी. त्या फडात जन्मलेल्या एकाही मांजराला ऊस नसलेली जमीन ठाऊक नाही. आणि एका पहाटे कडेनं कोयत्याचा आवाज सुरू होतो.

तोड कशी चालते ते नीट पाहून लिहा, यात चूक झाली तर गावाकडचा मुलगा पुस्तक मिटून ठेवील. टोळी एका कडेनं आत सरकते. बुडख्याला कोयता, मग पाचट सोलणं, वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) तोडणं, मोळी बांधणं. उभा ऊस रोज थोडा थोडा आखडत जातो. मांजर बाहेर पळत नाही, ते आत सरकतं, कारण आडोसा आत आहे. शेवटी चार-पाच सऱ्यांची पट्टी उरते आणि मगच ते उघड्यावर उडी घेतं, भर दिवसा, कुत्र्यांच्या समोर. काही ठिकाणी तोडीआधी फड पेटवतात, तिथं एवढा वेळही मिळत नाही. हळूहळू आखडत जाणाऱ्या घराचं हे चित्र दोन प्रकरणं सहज पेलेल. एका वाक्यात उरकू नका.

आता खोडवा. तोडलेल्या त्याच बुडख्यांतून ऊस पुन्हा फुटतो आणि काही महिन्यांत पुन्हा डोक्याएवढा होतो. कुळातल्या कुणीतरी हे पूर्वी पाहिलेलं असेल तर भाकीत तुम्हाला आयतंच मिळालं : ‘रान परत येतं.’ अर्धी मांजरं त्यावर विश्वास ठेवून बांधावर थांबतील, अर्धी निघतील. दोघांचंही बरोबर आहे. कथेला एवढी ताकद देणारा शाप कुठल्याही मांत्रिकाकडं नाही.

जादू हवीच असेल तर राधानगरी धरणाकडं मांजराच्या नजरेनं पाहा. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी चढली की आपोआप उघडतात. माणूस दिसत नाही, हात दिसत नाही, दार उघडतं आणि खालच्या काठावर पाणी चढतं. हे काय आहे ते मांजरांना समजावून सांगू नका, त्यांच्याकडून त्याला नाव ठेववून घ्या.

प्रश्न : तीन कुळं म्हणजे तीन रंगांची मांजरं, असं चालेल का? (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : रंगापेक्षा जाती घ्या, त्या सह्याद्रीत आहेतच. रानमांजर लांब पायांचं, आखूड शेपटीचं, अंगावर ठिपके नसलेलं, साधारण ३ ते ८ किलोचं. त्याला गवत, लव्हाळा, ऊस असं उघडं रान लागतं. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक, दीड किलोच्या आसपास, तांबूस ठिपक्यांची, झाडावर तरबेज. बिबट मांजर ठिपक्यांचं, दाट झाडीतलं, चांगलं पोहणारं.

हे कळलं की दाजीपूरचा अर्थ बदलतो. गव्यांच्या त्या गर्द जंगलात बिबट मांजराला घरी आल्यासारखं वाटेल, वाघाटीचंही भागेल. रानमांजराचं मात्र तिथं नीट जमणार नाही. त्याला सड्याच्या (उघड्या कातळपठाराच्या) कडा, पठारावरचं गवत पाहिजे. म्हणजे तिघं मिळून जिथं पोहोचायला निघाली ते रान दोघांचंच निघतं. शिवाय तिथं बिबट्या आहे, आणि तो लहान मांजरांना मारतो.

प्रश्न : नदी ओलांडायचा प्रसंग कसा लिहावा? मांजरं पाण्याला घाबरतात ना? (एक विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : घरातलं मांजर पाणी टाळतं. रानमांजर पाण्यात उतरतं, पोहतंही. पण तोंडात पिल्लू धरून पुराच्या धारेत नाही. त्यासाठी कोल्हापुरी बंधारा आहे. दगडी खांब, खांबांच्या खाचांत बसवलेले बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या), आणि बऱ्याच ठिकाणी वरून माणसांना जायला वाट. पावसाळा सरला की बरगे घालतात आणि पाणी अडवतात, पावसाच्या तोंडावर काढून घेतात. पुरात अख्खा बंधारा पाण्याखाली जातो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या मुलांना पाठ असतं. तेव्हा ऑगस्टमध्ये बंधाऱ्यावरून मांजरं नेलीत तर पत्रं येतील. फेब्रुवारीत न्या, रात्री दोनच्या सुमाराला. अडचण पाण्याची नसेल. पलीकडच्या टोकाला वस्तीवरची कुत्री असतील, आणि अरुंद वाटेवर वळायला जागा नसेल.

प्रश्न : निघताना कुळांनी आपली पवित्र वस्तू बरोबर न्यावी असं मनात आहे. मणी, पीस की हाड? (एक वाचक, राधानगरी)

उत्तर : यांपैकी काहीही तोंडात धरलं की पिल्लू खाली राहतं. पहिल्या प्रश्नातला हिशेब इथंही लागू आहे. म्हणून पवित्र गोष्ट उचलून न्यायची नसावी, वाटेत भेटणारी असावी. आपल्याकडं देवक आहे, कुणाचं कदंब, कुणाचं वड, कुणाचं पिंपळ. एका देवकाचे ते एकमेकांचे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक नाही. मांजरांच्या कुळांना देवक द्या. परक्या रानात करवंदाची जाळी दिसली की करवंद देवकाची मांजरं तिथं गाल घासतील, आणि अनोळखी मांजर त्याच जाळीत सापडलं तर ते भावकीतलं ठरेल. धरणात गेलेल्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. नव्या वसाहतीत देऊळ कुठं बांधायचं यावरून काय काय झालं, ते ऐकून घ्या.

प्रश्न : मांजरांनी कोल्हापुरी बोलावं का? (एक लेखिका, गडहिंग्लज)

उत्तर : बोलावं, पण तोंडी लावण्यापुरतं नको. ‘आयला’ आणि ‘भावा’ शिंपडून कोल्हापुरी होत नाही, ती क्रियापदात असते. “थांब की गं, धाकलं पल्याड ऱ्हायलंय.” “व्हय, पर पानी चढालंय.” एवढ्यात घाईही आली आणि नातंही आलं. तीन कुळं आहेत तर बोलीही वेगळी ठेवा. गडहिंग्लजकडं कन्नडचा हेल आहे, चंदगडीत कोकणी मिसळलेली आहे. थोरल्या मांजरीला ‘आक्का’ म्हणू द्या. निवेदन मात्र प्रमाण मराठीत ठेवा, नाहीतर बाहेरच्या जिल्ह्यातला वाचक तिसऱ्या पानावर थकतो.

प्रश्न : भुकेली पिल्लं गुऱ्हाळात शिरून काकवी चाटतात, असा गोड प्रसंग लिहिला आहे. (एक वाचक, पन्हाळा)

उत्तर : मांजराला गोड चव कळतच नाही. गोडी ओळखणाऱ्या ग्राहकाचं त्यांचं एक जनुक निकामी आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. पिल्लं गुऱ्हाळात जरूर शिरू देत, चुलवाणाच्या उबेला आणि चिपाडाच्या ढिगातल्या उंदरांना. साऱ्या गावाला सुटलेला गुळाचा घमघमाट आणि त्यात काहीच न सापडणारी भुकेली पिल्लं, हा प्रसंग तुमच्या मूळ प्रसंगाहून खोल जाईल.

प्रश्न : शेवटी ऊसतोड टोळीतली मुलगी फडात सापडलेली पिल्लं घरी नेऊन दूध पाजते. हा शेवट योग्य आहे का? (एक वाचक, शिरोळ)

उत्तर : हा शेवट बदला, कारण तोडीच्या दिवसांत अशी पिल्लं खरोखर सापडतात आणि वाचणारी मुलं तुमच्या नायिकेसारखंच वागतील. गाईच्या दुधानं पिल्लांना हगवण लागते आणि ती दगावतात. आई बहुधा मेलेली नसते, शेजारच्या फडात रात्रीची वाट पाहत असते.

तुमच्या मुलीला हे करू द्या : पिल्लांना हात न लावता त्या बाजूची तोड थांबवायला सांगायची, वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर मोठ्यांकडून फोन करवून घ्यायचा. पुढचं वनखात्याची माणसं करतील. पिल्लं उथळ टोपलीत ठेवून, जिथं सापडली तिथंच संध्याकाळी टोपली ठेवायची, कुत्री बांधायची, विजेऱ्या बंद करून सगळ्यांनी लांब जायचं. आई बहुधा त्याच रात्री येते, नाही आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच करायचं. आली की एक पिल्लू उचलते आणि अंधारात जाते. मग दुसरं. तिसरं पिल्लू तेवढा वेळ टोपलीत एकटं असतं आणि मुलगी बांधाआडून कानोसा घेत असते. शेवटचं प्रकरण तिथं लिहा.