डॉक्टरांना विचारा : सर्दी नसतानाचे खोकल्याचे औषध

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा असून बारावी आणि ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला तीन मित्रांसोबत खोली करून राहतो. दिवाळीला तो गावी आला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले, सारख्या जांभया येऊ लागल्या आणि अंगदुखीने तो रात्रभर तळमळला. आल्या-तुळशीच्या काढ्याने काही फरक पडला नाही. मग त्यानेच मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणली आणि तासाभरात त्याला एकदम बरे वाटले. मागच्या पंधरवड्यात मी डबा घेऊन त्याच्या खोलीवर गेले, तर पेटीखाली मुंग्यांची रांग लागलेली होती. पेटी सरकवली, तर भिंतीशी त्याच औषधाच्या ११ रिकाम्या बाटल्या निघाल्या. त्याचे वडील म्हणतात, शिकणे बंद करून त्याला शेतात घालू. मुलगा म्हणतो, “आई, औषधच तर आहे, दारू थोडीच आहे?” हे व्यसन आहे का? उपचाराला नेले तर पोलिसांची भानगड मागे लागेल का?
— एक आई, निलंगा तालुका

उत्तर : ताई, तुम्ही दिवाळीत पाहिली ती बहुधा सर्दी नव्हती. रिकाम्या बाटलीवरील घटकांची नावे वाचा. त्यांत ‘कोडीन’ असेल, तर सगळ्याचा उलगडा होतो. कोडीन हे अफूच्या कुळातले द्रव्य आहे. यकृतात त्याच्या काही भागाचे मॉर्फीन होते, आणि कमी मात्रेत खोकल्याची उबळ दाबणारे हे औषध जास्त मात्रेत गुंगी आणते. रोज घेतल्याने शरीराला त्याची सवय लागली, की ते न मिळताच नाक गळते, डोळे पाणावतात, जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात आणि झोप उडते. शेवटच्या मात्रेनंतर साधारण ८ ते २४ तासांत हे सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचते. खऱ्या सर्दीतली अंगदुखी आणि तगमग खोकल्याच्या बाटलीने तासाभरात थांबत नाही. आईबापांची नेमकी इथेच फसगत होते, कारण औषध तुटल्याचा त्रास हुबेहूब सर्दीसारखा दिसतो आणि मग घरचेच माणूस काळजीपोटी आणखी एक बाटली आणून देते.

तुमच्या मुलाचे ‘औषधच तर आहे’ हे वाक्य मी अनेक मुलांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते खोटे बोलत नसतात. त्यांना खरोखरच तसे वाटते. तोंडाला वास येत नाही, बाटली दप्तरात मावते आणि कोणी पाहिलीच तर ‘खोकला आहे’ म्हणून सांगता येते. परंतु अशा औषधात कोडीनसोबत बहुतेक वेळा क्लोरफेनिरामीन हे पेंग आणणारे दुसरे द्रव्य असते. मोठ्या मात्रेत कोडीन मेंदूतील श्वासाचे केंद्र मंदावते, क्लोरफेनिरामीनची पेंग त्यात भर घालते, आणि त्यावर दारू किंवा झोपेची गोळी पडली, तर श्वास थांबूही शकतो. कोडीनचे मॉर्फीन होण्याचा वेग प्रत्येकाच्या शरीरात वेगळा असल्यामुळे एका मित्राला पचलेली मात्रा दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. याच धोक्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये कोडीन असलेली खोकल्याची औषधे १८ वर्षांखालील मुलांसाठी बाद ठरवली.

त्याला शेतात घालण्याचा विचार रागातून आला आहे आणि तो राग मला समजतो, पण त्याने सवय सुटणार नाही. मेडिकल गावातही आहे. मुलाला कोंडून घालू नका, मारू नका. बाटली सोबत घेऊन त्याला लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात न्या. औषध सुटतानाचा त्रास कमी करणाऱ्या गोळ्या तिथे देखरेखीखाली देता येतात, आणि त्यानंतरचे समुपदेशन तितकेच आवश्यक असते, कारण तो बाटलीकडे वळला तो परीक्षेच्या भीतीने, जागरणाने की खोलीतल्या सोबतीने, हे कळल्याशिवाय पुढचे ठरवता येत नाही. जाण्याआधी बोलायचे असेल, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी क्रमांक आहे. एखाद्या रात्री तो हलवूनही जागा होत नसेल, श्वास संथ झाला असेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत न पडता त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

पोलिसांची भीती मनातून काढून टाका. डॉक्टरकडे जाणे म्हणजे पोलिसांत जाणे नव्हे. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला संरक्षण देणारे ६४-अ हे कलम मुद्दाम घातलेले आहे.

प्रश्न : माझे परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. दहावी-बारावीची चार-पाच मुले आळीपाळीने येतात आणि एकेक बाटली किंवा सर्दीच्या गोळ्यांची पाकिटे मागतात. घाऊक विक्रेता म्हणतो, “यात कोडीन नाही, बिनधास्त विका.” ते बरोबर आहे का?
— एक औषध विक्रेता

उत्तर : भाऊ, बरोबर नाही. कोडीनचा नियम आपल्याला माहीतच असेल : १ मार्च २०१४ पासून ते ‘एच-१’ यादीत आहे, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी हवी, रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत हवे आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवायला हवी. परंतु कोडीन नसलेल्या अनेक बाटल्यांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असते. चमच्याने मोजून घेतले, तर ते खोकला थांबवते. मुले ज्या प्रमाणात पितात, त्या प्रमाणात भास होतात, पाय लटपटतात, छाती धडधडते आणि आपण आपल्याच शरीराबाहेर आहोत असे वाटू लागते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१२ पासून १८ वर्षांखालील मुलांना ते विकण्यास मनाई केली आहे.

सर्दीच्या गोळ्यांची मला अधिक धास्ती वाटते, कारण त्यांपैकी पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल असते. नशेसाठी पाकीटभर गोळ्या गिळलेला मुलगा पहिल्या दिवशी थोडी मळमळ सोडल्यास ठणठणीत दिसतो, आणि यकृत निकामी होत असल्याचे दोन-तीन दिवसांनी डोळे पिवळे झाल्यावर कळते. त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. असे काही कानावर आले, तर मुलगा बरा दिसतो म्हणून थांबू नका, त्याच्या घरी कळवा.

काउंटरवर मुलाला विचारा की खोकला कोणाला आहे, किती दिवसांपासून आहे, आणि घरातले मोठे माणूस का आले नाही. तुम्ही नाही म्हटल्यावर तो पुढच्या दुकानात जाईल हे खरे आहे; म्हणून त्या दुकानदाराला आजच फोन करा आणि कोणती मुले, किती वाजता येतात, ते सांगून ठेवा.