होम थिएटर पीसीसाठी ५.१ ॲम्प्लिफायर घरी बनवता येईल का?

पीसी आहे, मदरबोर्डच्या मागे हिरवा, काळा आणि केशरी असे तीन जॅक आहेत, पाच स्पीकर माळ्यावर पडून आहेत आणि रिसीव्हर (दुकानात मिळणारा तयार ॲम्प) घेण्याऐवजी ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खर्जाचा स्पीकर) यांच्यासाठीचा, ॲम्प स्वतः जुळवायचाय, असं तुम्ही लिहिलंय. जुळवता येतो. पण पैसे वाचवायला म्हणून करत असाल तर सोडून द्या. पेटी, सप्लाय, वायरी, जळलेले बोर्ड असं सगळं धरलं तर सेकंडहँड रिसीव्हरपेक्षा फार स्वस्त पडत नाही. हौस असेल तर मात्र पुढे वाचा.

माझा पहिला ॲम्प एलएम ३८८६ या चिपचा होता. पाच चिपा, २४-०-२४ व्होल्टचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर, हातभर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा). या चिपची पाठ आतून निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते, म्हणून हीटसिंकवर बसवताना मधे वीज अडवणारा अभ्रक लागतो. चार चिपांना लावला, पाचवीला विसरलो. सुरू करताच फ्यूज उडाला. आवाज सुरेख होता, पण मे महिन्यात त्या पेटीवर पापड भाजले असते.

म्हणून तुम्हाला क्लास-डी, म्हणजे फारसा न तापणारा ॲम्प, सुचवतो. टीपीए ३११६ चे स्टिरीओ बोर्ड पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. असे तीन घ्या : एक पुढच्या दोन स्पीकरना (हिरवा जॅक), एक मागच्या दोन स्पीकरना (काळा), आणि तिसऱ्याचं एक चॅनेल मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरला (केशरी). सबवूफर ॲम्पसकट येणारा घ्या, केशरी जॅकची दुसरी वायर थेट त्याला द्या. (सेंटर आणि सब अदलाबदल होऊन आले तर घाबरू नका, नुसत्या वायरी बदला.) ऑप्टिकलच्या (प्रकाशावर चालणाऱ्या डिजिटल जॅकच्या) नादी लागू नका; त्यातून ५.१ दाबलेल्या स्वरूपातच येतं आणि ते उलगडायला वेगळा डिकोडर लागतो.

या चिपला २६ व्होल्टच्या वर नेऊ नका. एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो २४ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचं डीसी करणारा सप्लाय) ८ ओहमच्या पाच स्पीकरना पुरून उरतो. दर चॅनेलला ३० वॅटच्या आसपास मिळतात आणि हॉलमध्ये तेवढ्यात शेजारी दार वाजवतात. आणखी एक, स्पीकरच्या पाच काळ्या वायरी एकत्र करून ‘कॉमन’ करायची सवय असेल तर इथे ती मोडा. या चिपच्या आउटपुटची दोन्ही टोकं जिवंत असतात, एकही ग्राउंड नसतं.

बोर्ड हातात आला की आधी गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, बघा. चिपला २०, २६, ३२, ३६ डेसिबल असे चार गेन आहेत आणि ते दोन रेझिस्टरवर ठरतात. पीसीच्या जॅकमधून एक-दोन व्होल्ट सहज निघतात, त्यामुळे २० भरपूर झाला. जास्त ठेवलात तर शांत प्रसंगात स्पीकरमधून नुसतं ‘सूंऽऽ’ ऐकू येईल. सहा चॅनेलचं व्हॉल्यूम पॉट (आवाजाचं फिरतं बटण) शोधत बसू नका, आवाज पीसीवरूनच कमी-जास्त करा.

खरा छळ होतो तो हमचा. माझ्या पहिल्या ॲम्पमध्ये सतत ‘घूं’ यायचं. दोन रविवार मी कपॅसिटर बदलत बसलो. शेवटी वैतागून एकेक वायर उपटत गेलो आणि सेट-टॉप बॉक्सची केबल काढताच खोली शांत झाली! केबलवरची धातूची जाळी कुठेतरी लांब अर्थला (जमिनीच्या वायरला) जोडलेली, ती एचडीएमआयवाटे टीव्हीत, तिथून पीसीत, आणि ऑडिओ वायरमधून ॲम्पच्या अर्थमध्ये. केबलवर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन जाळीची जोडणी तोडणारा तुकडा) बसवला, पीसी आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले, काम झालं. पीसीच्या प्लगची अर्थची पिन कापण्याचा सल्ला कुणी देईलच. तो ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो. एसएमपीएसची पत्र्याची पेटी अर्थला जोडाच; डीसीचं निगेटिव्ह मात्र पत्र्याला टेकू देऊ नका, आणि त्यासाठी इनपुटचे जॅक प्लास्टिकच्या गळ्याचे घ्या. माउस हलवला की चिरचिर येत असेल तर दोष मदरबोर्डच्या साउंडचा. तिथे १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून बघा.

पीसी सुरू होताना स्पीकरमधून ‘धप्प’ येतं. मी पीसीच्या सप्लायमधले १२ व्होल्ट एका रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलला दिले आणि त्या रिलेवरून ॲम्पचा २३० व्होल्ट चालू-बंद केला, मधे काही सेकंदांचा टायमर बोर्ड टाकून. पीसी बंद झाला की ॲम्पही झोपतो.

पाचही चॅनेल एकदम जोडू नका. आधी एकच बोर्ड, दोन भंगार स्पीकर, आणि आठवडाभर ऐका. स्पीकरच्या मागे ४ ओहम लिहिलंय की ८, ते मात्र कळवा. ४ असेल तर २४ व्होल्टवर बोर्ड तापतील, मग लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर बरा.