टी सेलच्या जीन्समध्ये गडबड म्हणजे आजार खानदानी का?

प्रश्न : डॉक्टर, माझे मामा ६४ वर्षांचे आहेत. तीन वर्षं अंगाला खाज, आधी गजकर्ण म्हणून मलमं झाली, मग एक्झिमा, मग अ‍ॅलर्जी, आता सगळं अंग लालभडक झालंय आणि सोलपटं निघतात. बायोप्सी आणि रक्त तपासून सेझारी सिंड्रोम सांगितलंय. नेटवर वाचलं की यात टी सेलच्या जीन्समध्ये गडबड असते. मग हे आम्हा भाचरांना येणार का? आणि मामांची जीन टेस्ट करायची का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी घाबरणं थांबवा. सेझारी सिंड्रोम म्हणजे टी पेशींचा (टी सेल, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा) एक दुर्मिळ कॅन्सर. हा आजार सहसा मामांकडून भाचरांनाच काय, त्यांच्या स्वतःच्या मुलांनाही जात नाही, आणि त्यांचा टॉवेल वापरून तर मुळीच लागत नाही. जीन म्हटलं की आपल्याकडे लगेच सात पिढ्या उकरायला घेतात, पण ही गडबड जन्मतः आलेली नसते, मोठेपणी एका टी पेशीत होते आणि मग त्या एकीचीच पिल्लावळ वाढत जाते.

तुम्ही वाचलंत ते बहुतेक जीन एक्स्प्रेशनबद्दल असणार. शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत जीन्स तेच, पण कुठला चालू आणि कुठला बंद हे पेशीगणिक वेगळं. फळीवरचा किराणा तोच, पोह्यांना एक डबा निघतो, आमटीला दुसरा, तसं. सेझारीच्या पेशी भलतेच डबे उघडून बसतात. ट्विस्ट१ हा गर्भाच्या वाढीत लागणारा जीन, तो यांच्यात चालू सापडतो. बऱ्याच पेशंटांत टी-प्लास्टिन हे प्रथिनही मिळतं, आणि गंमत म्हणजे नावात टी असलं तरी नॉर्मल टी पेशीत ते नसतंच! उलट सीडी२६ आणि सीडी७ या टी पेशीवरच्या नेहमीच्या खुणा नाहीशा होतात, मामांच्या फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशींवरच्या अशा खुणा तपासणाऱ्या टेस्टच्या) रिपोर्टवर बहुतेक हेच लिहिलेलं असेल बघा.

आता तीन वर्षं अ‍ॅलर्जी का वाटली ते. या पेशींत स्टॅट४ हा जीन दबतो, गाटा३ हा चढतो, त्यामुळे त्या अ‍ॅलर्जीवाल्या टी पेशींसारखी रसायनं सोडायला लागतात, मग खाज येते, आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) वाढतं, इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढतात, आणि रिपोर्ट बघून कुणालाही अ‍ॅलर्जीच वाटेल. त्यामुळे आधीच्या डॉक्टरांवर फार चिडू नका. (मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमांवर मात्र खुशाल चिडा, त्यांनी खुणा पुसट होतात आणि बायोप्सी वाचणाऱ्याची पंचाईत होते.)

आजार रक्तातला असून कातडीवर का, तर या पेशींवर सीसीआर४ नावाचा रिसेप्टर (बाहेरचे संदेश पकडणारं प्रथिन) भरपूर असतो, तो त्यांना त्वचेकडे ओढतो. त्यालाच धरणारं मोगामुलिझुमॅब हे औषध जपानमध्ये तयार झालं, अमेरिकेत २०१८ मध्ये या आजारासाठी मंजूर झालं. मामांना ते द्यायचं की फोटोफेरेसिस (रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांच्यावर प्रकाशाचा उपचार करून परत सोडणं) की आणखी काही, हे त्यांचे हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताचे डॉक्टर) आणि स्किनचे डॉक्टर मिळून ठरवतील.

अल्बेर सेझारी या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी १९३८ मध्ये पॅरिसमध्ये या पेशी मायक्रोस्कोपखाली पाहिल्या तेव्हा मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं केंद्रक बघून त्यांना राक्षसी म्हटलं होतं. आज निदान नुसत्या दिसण्यावर होत नाही, बायोप्सी, फ्लो आणि या सगळ्या पेशी एकाच वंशाच्या आहेत का हे बघणारी क्लोनॅलिटी टेस्ट लागते. एक्स्प्रेशनची मोठी टेस्ट मुख्यतः संशोधनात होते, त्यावर स्वतःहून पैसे घालू नका. क्लोनॅलिटी झालीय का एवढं मात्र विचारा, आणि जाताना आजवरच्या मलमांच्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या.