पहिल्या रेड वाइनने तोंड कोरडं पडलं, आता जेवणासोबत कोणती घेऊ?

तुम्ही म्हणता, रेड वाइन एकदाच प्यायलात, तीही नुसतीच, आणि जीभ अशी कोरडी पडली की पुन्हा धाडस झालं नाही. आता पाहुण्यांसाठी ग्रिल केलेलं मटण, टोमॅटो सॉसचा पास्ता आणि मशरूम करताय, त्यासोबत कोणती रेड घ्यावी असं विचारलंत. बाटलीवर कॅबर्ने सॉव्हिन्याँ हे द्राक्षाचं नाव लिहिलेलं होतं म्हणता, तिथेच उलगडा झाला.

तो कोरडेपणा टॅनिन या तुरट घटकाचा. द्राक्षाची साल, बिया आणि ओकचं पिंप यांतून ते वाइनमध्ये उतरतं आणि लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून हिरड्यांवर खरखर जाणवते. फार उकळलेला बिनदुधाचा चहा प्यायल्यावर होतं तेच. कॅबर्नेचं द्राक्ष बारीक आणि जाड सालीचं, त्यामुळे रसाच्या मानाने साल-बिया जास्त. पिनो न्वार या द्राक्षाची साल पातळ, म्हणून ती वाइन फिकी आणि जिभेला मऊ. अर्थात नुसत्या रंगावर जाऊ नका. नेबियोलो या द्राक्षाची वाइन दिसायला फिकी, पण चांगलीच तुरट असते.

तुम्हाला तुरटपणा नकोसा आहे, तेव्हा पिनो न्वार किंवा गामे या द्राक्षांच्या वाइनपासून सुरुवात करा. थोडी भरीव, म्हणजे तोंडात दाट लागणारी हवी तर मेर्लो द्राक्षाची. एक अडचण येईल: फ्रान्स-इटलीच्या बाटल्यांवर बरेचदा द्राक्षाचं नाव नसतं, भागाचं असतं. बोजोलेची लाल वाइन म्हणजे गामे, बर्गंडीची बहुतेक करून पिनो न्वार, इटलीतली कियांती म्हणजे मुख्यतः सान्जोव्हेजे हे द्राक्ष.

आता तुमचा मेनू. ग्रिल केलेलं मटण आहे ना, मग मी तर त्या कॅबर्नेलाच आणखी एक संधी देईन. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवून ठेवतात, मीठही तुरटपणा दबवतं. आधी नुसता एक घोट घ्या, मग मटणाचा घास नीट चावून खा आणि लगेच दुसरा घोट घ्या. तीच वाइन बरीच मवाळ लागेल आणि फळाची चव पुढे येईल. हा फरक स्वतःच्या जिभेवर कळला की पुढची निवड सोपी जाते.

टोमॅटो सॉसच्या पास्त्याला मात्र आंबटपणा असलेली वाइन लागते, नाहीतर ती सॉससमोर पाणचट वाटते. तिथे आंबटसर कियांती. मशरूमला पिनो. जेवण तिखट करणार असाल तर लेबलवरचं अल्कोहोल बघा: १४-१५ टक्क्यांची वाइन तिखटाची आग आणखी भडकवते, १२-१३ची बरी. गोडाबरोबर साधी रेड वाइन देऊच नका, आंबट-कडू लागते.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट तापमान. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड खोल्यांच्या काळातला. २८ अंशांची वाइन प्यायलात तर नाकात अल्कोहोलच शिरतं. भरीव वाइन १६-१८ अंशांना, हलकी १२-१४ला चांगली लागते, म्हणून वाढण्याआधी बाटली काही वेळ फ्रिजमध्ये ठेवा. पण कॅबर्ने फार गार करू नका, तुरटपणा आणखी टोचतो.

तुमच्या पाहुण्यांसाठी मी एक कियांती आणि एक पिनो घेईन, आणि मटणावर हात मारणारे जास्त असतील तर तिसरी कॅबर्ने. ७५० मिलीच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात, त्या हिशेबाने बघा.