आधी एकच गोल दाणा

धातूच्या आतली रचना कशी बदलते ते संगणकावर बघायला आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीचं मूस (MOOSE) हे सॉफ्टवेअर उतरवलंस, छान. पण लगेच त्रिमितीय मिश्रधातू कशाला? द्विमितीत एक गोल दाणा, म्हणजे धातूतला एक स्फटिक घे, आकसू दे. दाण्याची सीमा कशी सरकते ते सांगणाऱ्या ॲलन-कान समीकरणात त्याचं क्षेत्रफळ सरळ रेषेत घटायला हवं. दाणा अगदी चिमुकला उरला की रेष वाकणारच, ते सोड. आधीच वाकली तर जाळी, म्हणजे ज्या बिंदूंवर गणित होतं ती, बघ. सीमेच्या जाडीत निदान ५-६ बिंदू हवेत, नाहीतर सीमा जाळीत अडकते आणि आपण उगाच मोबिलिटीचा (सीमा किती सहज सरकते त्याचा) आकडा बदलत बसतो. पुढे मिश्रधातूतले घटक कसे वेगळे होतात त्याचं कान-हिलियर्ड समीकरण एक्स्प्लिसिट पद्धतीने, म्हणजे आत्ताच्या क्षणावरून थेट पुढचा क्षण काढत, सोडवणार असशील तर जपून: जाळीचं अंतर निम्मं, तर टाइम-स्टेप १६ पट लहान. रंगीत चित्रांवर भाळू नकोस. एकूण मुक्त ऊर्जा उतरतेय ना, ते बघ. आणि चेकपॉइंट, म्हणजे झालेलं गणित मधूनमधून साठवणं, चालू ठेव रे, पावसात फोंड्याची लाइट कधी जाईल ते मंगेशालाच ठाऊक!